वळणावर थांबणारा

अमरावतीच्या आमच्या सायकलवाल्यांच्या टोळक्यात माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. मी थांबतो. वेगाच्या बाबतीत माझं नाव कुणी काढत नसे, चढाच्या बाबतीत तर नाहीच. पण बायकोसाठी घाटातल्या प्रत्येक वळणावर थांबणारा नवरा म्हणून मला मान होता. बाकीच्यांच्या बायका रविवारी पहाटे नवऱ्याच्या नावानं बोटं मोडत कूस बदलायच्या, आणि माझी मात्र हेल्मेट घालून माझ्याबरोबर परतवाड्याचा रस्ता धरायची. "सर, तुमच्यावाणी आमाले नाई जमत," असं कुणी म्हटलं की मी "त्यात काय एवढं" म्हणायचो आणि आतल्या आत फुगायचो. आज हे लिहिताना कान गरम होतात.

सायकलीचं खूळ मुळात माझं नव्हतंच. साखर माझी वाढली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मी चालायला निघालो की कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंतच पोचायचो, हे तिनं आठवडाभर पाहिलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे, बडनेऱ्याच्या पुढच्या एका गावात. मुलं शाळेच्या मागून कुठं पळतात हे तिला न पाहता कळतं. एक दिवस म्हणाली, "चालणं तुमच्यानं होत नाई. सायकल घेऊ. मी बी येतो संगं." वऱ्हाडी बाई रागात किंवा लाडात असली की 'येतो' म्हणते, तेव्हा ती लाडात होती. आम्ही गिअरच्या दोन सायकली घेतल्या. म्हणजे औषध माझं होतं आणि पथ्य तीही पाळत होती. हे मी पुढं सोयीस्करपणे विसरलो.

पहिले काही महिने आम्ही सपाटीवरच होतो. पोहऱ्याच्या जंगलातून चांदूर रेल्वेकडे जाणारा रस्ता, वलगाववरून पुढे पूर्णेच्या पुलापर्यंतचा रस्ता, एकदा तर वरूडपर्यंत गाडीनं जाऊन तिथून शेंदूरजनाघाटची चक्कर. तिथं संत्र्यांचा हंगाम होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांचे ढीग, त्यांची निवड करत बसलेल्या बाया, आणि आम्हाला पाहून त्यांच्यातली एक ओरडली, "बाई, पोराटोरायचे खेळ काहून करून राहिल्या वो?" ही म्हणाली, "बुढा सुधरवून राहिली!" सगळ्या बाया हसल्या. दोन संत्री तिच्या हातात आली, एकही माझ्या नाही.

दर्यापूरवरून अकोटला गेलो तो दिवस अजून आठवतो. अकोट तिचं माहेर. तिच्या घराच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसते. आम्ही घामाघूम होऊन गल्लीत शिरलो तर शेजारची म्हातारी दारात आली आणि काळजीनं विचारती झाली, "काहून वो पोरी, एसटी बंद हाय का आज?" त्या दिवशी काळ्या मातीतल्या त्या सरळसोट रस्त्यावर बायको जवळजवळ सगळा वेळ माझ्या पुढं होती. अधूनमधून मी तिला गाठायचो आणि गाठल्याचा मला आनंद व्हायचा. "पाह्यलं? आलो का नाई?" असंही म्हणायचो. ती नुसती हसायची.

मग आम्ही घाटाला लागलो, आणि घाटानं मला डोक्यावर बसवलं.

परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला जाणारा रस्ता ज्यानं सायकलवरून केला नाही त्याला तो गाडीच्या खिडकीतून कळायचा नाही. गढीच्या पुढं शेतं संपतात, साग सुरू होतो, आणि रस्ता एकदम नाक वर करतो. एक वळण, लगेच दुसरं. वानरं कठड्यावर बसून आपल्याकडे अशी बघतात की आपल्यालाच आपली कीव यावी. मोहाच्या झाडाखाली सावली असते, पण ती नेमकी चढाच्या पलीकडे असते. मला मात्र चढ मानवला. का ते माहीत नाही. पाय मारत गेलो की डोकं रिकामं व्हायचं, आणि गणित शिकवून शिकवून भरलेल्या डोक्याला त्याची गरज होती. ती मागं पडायची. मी वळणावर, मोरीच्या कठड्यावर बसून थांबायचो. पाणी प्यायचो, सागाची पानं मोजायचो, ग्रुपवर फोटो टाकायचो. खालून तिचं हेल्मेट दिसलं की मी उठायचो. ती माझ्यापर्यंत पोचली की मी म्हणायचो, "आली? शाबास! चल." आणि पायडल मारायचो.

प्रत्येक वळणावर हेच.

एकदा ती म्हणाली होती, "थोडं थांबू नं." मी म्हणालो, "अवं, मी तं केव्हाचा थांबून राहिलो!" आणि हे मी अगदी प्रेमानं म्हणालो होतो. तिनं बाटली तोंडाला लावली, एक घोट घेतला, झाकण लावता लावता सायकलीवर टांग टाकली. मी पुढं निघूनही गेलो होतो.

चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्याचं तिच्या डोक्यात कधीपासून होतं हे मला माहीत होतं, आणि नव्हतंही. लग्नानंतर कधीतरी तिनं सांगितलं होतं की लहानपणी शाळेची सहल चिखलदऱ्याला गेली होती आणि तिला जाता आलं नव्हतं. नवऱ्याचं ऐकणं म्हणजे कसं असतं? आपण "हं" म्हणतो, आणि ते वाक्य घरातल्या उतरंडीत सगळ्यात खालच्या गाडग्यात जाऊन पडतं. त्यानंतर चिखलदऱ्याला आम्ही दोन-तीनदा गेलो होतो, पण दरवेळी पाहुण्यांबरोबर, गाडीनं, पावसाळ्याच्या गर्दीत. भीमकुंडाला धुकं, देवी पॉइंटला मक्याची कणसं, आणि किल्ल्याचा विषय निघाला की कुणाच्या तरी पायात गोळा यायचा. तिनं सायकलीवर घाट चढायला लागल्यावर म्हटलं, "एक दिवस गाविलगड करू. आतपर्यंत जाऊ." मी म्हटलं, "करू ना." त्या "आतपर्यंत"कडे मी लक्ष दिलं नाही.

जानेवारीतला रविवार होता. शनिवारी रात्री गाडीमागं सायकली बांधून परतवाड्याला तिच्या मावसबहिणीकडे मुक्काम केला आणि उजाडायच्या आत निघालो. दुपारी अमरावतीत माझ्या कॉलेजातल्या एका मित्राकडे बारसं होतं. तिथं वेळेत पोचायचं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी पहिल्या दोन वळणांवर थांबलो. तिसऱ्यावर तिला सांगितलं, "तू ये हळूहळू. मी वर किल्ल्याजवळच थांबतो." ती म्हणाली, "चालते." मोठेपणा तर पाहा, मी तिला घाई न करण्याची मोकळीक देतोय असं मला वाटत होतं.

मोथा गाव मागं टाकलं, चिखलदरा आलं, तिथून किल्ल्याकडे वळलो आणि पहिल्या दरवाजाबाहेर एका झाडाला सायकल टेकवली. थंडी छान होती. एक बाई टोपलीत बोरं घेऊन बसली होती. दोघांसाठी म्हणून मोठा पुडा घेतला. थोडा वेळ बसलो, मग कंटाळा आला म्हणून आत चक्कर मारून यावी म्हटलं. आत चालत गेलं की पुढं तो मोठा दरवाजा लागतो. त्यावर दगडात एक पाखरू कोरलेलं आहे, दोन तोंडांचं, दोन्ही चोचींत एकेक हत्ती. शेजारी सिंह. मी फोटो काढले, एक स्वतःसकट काढला. तलावापर्यंत जाऊन आलो. परत बाहेर येऊन बसलो तेव्हा थांबता थांबता पुडा संपत आला होता. शेवटची दोन-चार तिच्यासाठी ठेवू असं ठरवलं, आणि मग तीही खाल्ली.

ती आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ओढणी पाठीला चिकटली होती. पण डोळे असे होते की काय सांगू. दहावीच्या निकालाच्या दिवशी पोरींचे असतात तसे. सायकलीवरून उतरताना पाय थरथरत होते. दरवाजाकडे पाहून ती म्हणाली, "पोचलो बाप्पा!"

मी उठलो, पॅन्टची धूळ झटकली आणि म्हणालो, "शाबास! माझं पाहून झालं. चल, ऊन व्हायच्या आत उतरू. बारशाले उशीर होईन."

तिनं दरवाजाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत दरवाजाकडे. तोवर मी हेल्मेटचा पट्टा लावत होतो.

"हो. चाला," ती म्हणाली, आणि सायकल वळवली.

बारसं, सांगायची गोष्ट, दोन तास उशिरा सुरू झालं. गुरुजीच आले नव्हते. आम्ही दोघं मांडवातल्या खुर्च्यांवर बसून पंख्याकडे बघत होतो, आणि मी शेजारच्याला घाटाची वळणं रंगवून सांगत होतो. "हिच्यासाठी थांबत थांबत गेलो, नाहीतर..." असं काहीतरी मी म्हणालो. ती उठून बाळ पाहायला गेली.

त्यानंतरच्या रविवारी ती म्हणाली, गुडघा दुखतो. त्याच्या पुढच्या रविवारी शाळेचं काम होतं. होळीपर्यंत तिची सायकल पडवीत जुन्या चादरीखाली गेली. चादर तिनंच टाकली, चारी बाजूंनी नीट खोचून. मी विचारलं, तर म्हणाली, "मले आता कंटाळा आला. तुमी जा." भांडण नाही, रुसवा नाही, जेवणात मीठ कमी नाही. मीही खोलात गेलो नाही, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मला बरंच वाटलं. आता मला कुणासाठी थांबावं लागत नव्हतं. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, पण ते खरं आहे.

पावसाळ्यात मला चिकनगुनिया झाला. ज्यांना झालाय त्यांना पुढं सांगायला नको. ताप गेला पण सांधे राहिले. सकाळी पलंगावरून उतरायला बायकोचा खांदा लागायचा. ती मला पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची. मी एक पाऊल टाकलं की ती एक टाकायची. मी थांबलो की थांबायची, आणि मी "चल" म्हणेपर्यंत हलायची नाही. तिच्या झाकलेल्या सायकलीजवळून आम्ही कितीदा गेलो असू. मला तेव्हाही काही सुचलं नाही. आजारी माणूस फक्त स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत असतो.

भाऊबीजेला तिचा भाऊ अकोटहून आला. तिच्याहून थोडा मोठा, बोलका माणूस. ओवाळून झालं, चिवडा-करंज्या पुढं आल्या, आणि त्यानं सहज विचारलं, "काय गं, सायकलीवर गाविलगडले गेली होती म्हणे. पाखरू पाह्यलं का मंग?"

"नाई," ती म्हणाली. "वेळ नाई भेटला."

"अवं, पाखरू नाई पाह्यलं तं मंग काय पाह्यलं!" तो हसायला लागला आणि माझ्याकडे वळला. "भाऊजी, तुमाले माहीत नाई, लहानपणी लय चिडवलं मी हिले. सहलीले आमचे दोघायचे नाव होते. बाबा म्हणले, एकानंच जा. मी गेलो. आल्यावर हिले रोज सांगो, एवढं मोठं पाखरू हाय, दोन तोंडाचं, हत्ती धरते चोचीत. हे रडे. म्हणे, मी मोठी झाली का एकटी जाईन, तुले नाई नेणार."

आणि मी काय केलं? मी खिशातून फोन काढला. "हे पाहा," म्हणून त्याला फोटो दाखवला, माझ्यासकट पाखरू. मी खरंच दाखवला. दाखवून झाल्यावर तो तिच्याकडे केला, "पाहून घे ना." ती ताट उचलून स्वयंपाकघरात गेली होती. भावानंही हातातली करंजी खाली ठेवली. फोन हातात तसाच राहिला आणि हळूहळू त्याचा उजेड विझला. त्या क्षणी मला कळलं की किल्ल्याच्या दारातून मी तिला काय न पाहता परत आणलं होतं. माझी मान खाली गेली ती तो निघेपर्यंत वर झाली नाही.

पण तेव्हाही मला वाटलं की चूक एकाच दिवसाची, बारशाच्या घाईची. तेवढ्यापुरती लाज वाटली. बाकीच्या सगळ्या घाटांचं पुण्य माझ्या नावावर जमाच होतं.

ते पुण्य पुढच्याच महिन्यात उतरलं. सांधे जरा मोकळे झाल्यावर मी पुन्हा गढीच्या घाटाला लागलो. बरोबर टोळक्यातले दोघे होते: एक दातांचे डॉक्टर आणि एक कापड दुकानदार, दोघेही माझ्याहून बरेच लहान आणि स्वभावानं सोन्यासारखे. पहिल्याच चढाला मी मागं पडलो. गुडघ्यांत वाळू भरल्यासारखं होत होतं. दोघे वळणावर कठड्यावर बसून थांबले होते. मी छाती फुटेस्तोवर पाय मारून त्यांच्यापर्यंत पोचलो. "आले का सर! मस्त! चाला," म्हणून दोघे उठले आणि निघाले. मी पण निघालो. काय करणार?

दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. ते बसलेले, पाणी पितायत, हसतायत, ताजेतवाने. मी पोचलो, ते उठले. तिसऱ्या वळणावर माझ्या डोळ्यांपुढं काळे ठिपके नाचायला लागले आणि मी ओरडलो, "अरे, दम तं घेऊ द्या मले!"

डॉक्टर खरोखर गोंधळले. त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, "सर, आमी तं केव्हाचे थांबून राहिलो तुमच्यासाठी!"

मी सायकल आडवी टाकली आणि त्याच कठड्यावर बसलो. त्या दोघांना मी पुढं पाठवलं, हातानंच. 

मी इतकी वर्षं पोरांना गणित शिकवतो. हे काही मोठं गणित नाही. पुढं जाऊन जो थांबतो, त्याला विसावा मिळतो. मागून जो येतो, तो पोचला की विसावा संपतो. म्हणजे सगळ्या घाटात ज्याला विसाव्याची गरज नाही तो प्रत्येक वळणावर बसतो, आणि ज्याला आहे तो एकदाही बसत नाही. मी तिच्यासाठी थांबत होतोच कुठं? मी माझा दम घेत होतो, आणि तिचा दम घेऊन निघून जात होतो. वर तिच्याकडून आणि गावाकडून कौतुकही घेत होतो. एकदा नव्हे, प्रत्येक घाटात, प्रत्येक वळणावर, हसत हसत, शाबासकी देत. आणि तिनं एकदा "थोडं थांबू नं" म्हटलं होतं, ते मी त्याच घाटात, बहुतेक त्याच कठड्यावरून उडवून लावलं होतं.

मी तिथून उतरलो. वर गेलोच नाही.

घरी आल्यावर बोलायचं धाडस नव्हतं. पडवीत बसून तिच्या सायकलीवरची चादर काढली, चाकांत हवा भरली, साखळीला तेल दिलं. ती दारात येऊन उभी राहिली.

"काहून पुसून राहिले तिले? विकता का?"

मग मी सांगितलं. घाट, डॉक्टर, कठडा, गणित, सगळं. मान वर न करता, साखळी पुसत पुसत. शेवटी म्हणालो, "मले समजलंच नाई. तू सांगितलं काहून नाई?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "एक डाव."

 ती खाली बसली, माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि पुढच्या चाकाच्या तारा पुसायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "अन् सपाटीवर तुमाले काय वाटे, तुमी गाठत होते मले? अकोटच्या रस्त्यानं? मी हळू करो. तुमचं तोंड उतरून जाय ना मागं राह्यले का." आणि हसली. मला हसता आलं नाही. अकोटच्या रस्त्यावरचा तो सगळा आनंदही तिनंच मला दिलेला होता, आणि मी तो "पाह्यलं? आलो का नाई?" म्हणून तिच्याच तोंडावर मारला होता.

"गाविलगडले जाऊ," मी म्हणालो. "तू पुढं. मी मागं."

"पाहू," ती म्हणाली. त्या "पाहू"त होकार नव्हता. पण पुढल्या रविवारी पहाटे तिनं माझ्याआधी उठून बाटल्या भरल्या होत्या, आणि आम्ही वलगावपर्यंत जाऊन आलो. मग हळूहळू पूर्णेच्या पुलापर्यंत. ती घाटाचं नाव काढत नव्हती आणि मीही नाही. संक्रांत झाल्यावर एक दिवस तिनंच मावसबहिणीला फोन लावला.

मी मागं राहणार असं मोठ्या मनानं ठरवलं होतं. मोठ्या मनाची गरजच पडली नाही. गढीच्या पुढचा पहिला चढ लागला आणि माझ्या गुडघ्यांनी हात टेकले. ती तिच्या गतीनं, न थांबता, मान खाली घालून चढत गेली आणि सागाआड दिसेनाशी झाली. मी मागून कण्हत-कुंथत आलो. पहिल्या वळणावर ती कठड्यावर बसली होती. मला पाहून ती उठली नाही.

"बसा," म्हणाली.

"नको, चल, तू केव्हाची थांबली..."

"बसा म्हणते ना. दम घ्या."

मी बसलो.  तिनं पाणी पुढं केलं. माझा श्वास जागेवर आला, वानरांची एक टोळी रस्ता ओलांडून गेली, आणि तरी ती बसूनच होती. मग मी म्हणालो, "चल आता." तेव्हा ती उठली. प्रत्येक वळणावर असंच झालं. इतकं साधं होतं ते. पोचलेल्या माणसाबरोबर थोडं बसायचं, बस्स. तिनं मला टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. ती नुसती माझ्याबरोबर बसत होती आणि प्रत्येक वळणावर मला माझं जुनं एकेक वळण आठवत होतं.

चिखलदऱ्याच्या अलीकडे मी तिला सांगितलं, "तू हो पुढं. किल्ल्यात जा. पाहून घे निवांत. मी येतो." मनापासून सांगितलं. माझ्यासाठी तिनं आता आणखी थांबू नये असं मला फार वाटत होतं. ती गेली.

मी पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. मनात धरून चाललो होतो की ती आत असेल, पाखरापाशी, आणि मी बाहेरच बसेन, ती येईल तोवर, कितीही वेळ लागला तरी. पण तिची सायकल झाडाला टेकवलेली होती आणि ती पहिल्या दरवाजाच्या बाहेर, पायरीवर, दरवाजाकडे पाठ करून बसली होती. हातात बोरांचा पुडा.

"आत नाई गेली?"

"तुमी यायचे होते नं अजून." तिनं पुडा पुढं केला. "अर्धी मी खाल्ली. लय वाट पाह्यली तुमची."

मी गेल्या वर्षी त्याच जागी बसून पुडा संपवला होता, हे तिला माहीत नव्हतं. मी एकच बोर घेतलं आणि पुडा तिच्याकडे परत केला.

"चल," मी म्हणालो, उठता उठता. सवयच ती.

"बसा हो. दम घ्या. पाखरू काय उडून नाई चाललं."

माझा दम पुरा जागेवर आल्यावर आम्ही आत गेलो. "तुमी पाह्यलं हाय," ती म्हणाली, "सांगू नका कुठं हाय ते." मी तिच्या मागं, खाली बघत चालत होतो. मोठ्या दरवाजापाशी तिची पावलं थांबली तेव्हा मी मान वर केली. ती दोन्ही हात कमरेवर ठेवून, मान मागं टाकून वर पाहत होती.  मग म्हणाली, "खोटं बोलला भाऊ. हत्ती तं लहानसेच हायत."



ती जराशी डावीकडे सरकली, मग उजवीकडे. सिंह पाहिले, परत पाखराकडे आली. आणि मग, मागं न वळता, पटकन विचारलं, "तुमाले घाई तं नाई ना?"

इतक्या वर्षांनी, इतका घाट चढून, त्या दारात उभी राहून ती मला हे विचारत होती.

"नाई," मी म्हणालो. "काहीच घाई नाई."

तिनं वळून पाहिलं. मी उभाच होतो. माझ्या शब्दावर तिचा विश्वास बसला नाही, आणि का बसावा? मी शेजारच्या दगडावर बसलो, हेल्मेट काढून खाली ठेवलं, बुटांच्या नाड्या सोडल्या. ते तिनं पाहिलं, आणि मग ती पुन्हा वर पाहायला लागली.